मध्यरात्रीची विमानं आणि दुधातल्या दशम्या
अभनपूरच्या आमच्या गच्चीवरून माना विमानतळावर उतरणारी विमानं दिसली की मला हटकून नागपूर आठवतं. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून संध्याकाळनंतर एकेक डाकोटा विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपुरात जमायची, टपालाची पोती बदलायची आणि पुन्हा उडायची. प्रवासीही तिथेच विमान बदलत. देशाच्या मध्यावर असल्याचं नागपूरने केलेलं हे सोनंच, असं मी मानतो!

डाकोटाची केबिन दाबबंद नव्हती, त्यामुळे ते कमी उंचीवरून उडे आणि धक्के भरपूर बसत. अशा प्रवासाला आमच्या घरची दशमी उत्तम.

दोन वाट्या कणकेला दोन चमचे तुपाचं मोहन आणि चिमूटभर मीठ. पाऊण वाटी गूळ कोमट दुधात विरघळवा. दूध गरम असेल तर नासतं. त्यातच कणीक घट्ट भिजवा, पाण्याचा थेंब नको. जाडसर लाटून मंद आचेवर तुपावर भाजा. गुळामुळे आणि मंद आचेवर ओलावा उडाल्यामुळे त्या तीन दिवस टिकतात.

तुमच्याकडे प्रवासाला काय बांधून देत? प्रमाणासकट सांगा.