शेडवरचा कॅमेरा पुण्यातून का दिसत नाही?

तासगावच्या बेदाणा शेडवर कॅमेरा बसवला. शेडवरच्या वायफायवर चित्र स्वच्छ. पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर मात्र काहीच नाही. अशा वेळी आपण कॅमेरेवाल्याला फोन लावतो. घोळ बहुतेकदा पत्त्याचा असतो.

इंटरनेटवर माहिती पोचायची तर आकडी पत्ता लागतो, तोच आयपी पत्ता. १९८१ साली ठरलेल्या चौथ्या आवृत्तीत तो टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचा असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, म्हणजे आज माणशी एकही नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले.

मग निघाला जुगाड. घरातल्या यंत्रांना राउटर १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते देतो. बाहेर सगळ्यांचा पत्ता एकच. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यासारखे: दारावर पाटी एक, आत बिऱ्हाडे दहा. आतून गेलेल्या पत्राचे उत्तर बरोबर पोचते, कारण राउटर नोंद ठेवतो. न सांगता आलेला पाहुणा मात्र दारातच अडतो. पुण्याचा मोबाइल हा असा पाहुणा.

आता राउटरच्या पानावर ‘वॅन’, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहा. त्याच वायफायवर ‘माझा आयपी’ दाखवणारे एखादे संकेतस्थळही उघडा. दोन्ही पत्ते जुळले तर ठीक, अडवणारे दार आपल्याच राउटरचे आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली मागणी कॅमेऱ्याकडे वळवणे, चालते.

जुळले नाहीत, आणि राउटरवर १०ने किंवा १००.६४ ते १००.१२७ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा इंटरनेट देणाऱ्या कंपनीनेच एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. इथे लोक उगाच दिवस घालवतात. पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केले तरी उपयोग नाही. अडवणारे दार आपले नाहीच. १९२.१६८ दिसला तर आधी फायबरचा डबा तपासा, बऱ्याचदा तोही राउटरच असतो.

उपाय तीन. कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्यायचा. किंवा कॅमेरा कंपनीचे ॲप वापरायचे. त्यात कॅमेरा स्वतःच बाहेर संपर्क साधतो, म्हणून अडत नाही, पण मध्ये तिऱ्हाइताचा सर्व्हर येतो. तिसरा उपाय सहावी आवृत्ती.

तिच्यात पत्ते इतके, की ३४वर ३७ शून्ये द्यावीत. पत्ता आठ गटांचा, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे, आकड्यांबरोबर ए ते एफ अक्षरेही. कुठे टिंबांची जोडी लागोपाठ दोनदा दिसली तर पत्ता तुटला असे समजू नका. मधली शून्ये गाळलेली असतात.

२०१६मध्ये आलेल्या जिओने सुरुवातीपासून हीच आवृत्ती धरली, त्यामुळे आपल्या खिशातल्या फोनला असा पत्ता कदाचित आधीच असेल. अडचण एवढीच, की जुनी आणि नवी आवृत्ती थेट एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणून दोन्ही शेजारीशेजारी चालवाव्या लागतात, आणि जुनी काही सुटत नाही.

शेडवर नवी आवृत्ती चालायला ती कंपनीने पुरवायला हवी, राउटरमध्ये सुरू हवी आणि कॅमेऱ्यालाही कळायला हवी. जुने डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे डबे, इथेच अडतात. शिवाय राउटरचे संरक्षण बाहेरून येणारे सगळे थोपवते, आणि तेच योग्य. वाट फक्त कॅमेऱ्यापुरती मोकळी करा, तीही कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलल्यावरच.

एवढे करूनही दिसले नाही, तर मुलाला वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहायला सांगा. त्याच्या ऑफिसचे वायफाय अजून चौथ्याच आवृत्तीवर असू शकते.