पुन्हा वर घेण्याचा निर्णय

एप्रिल २०२३मध्ये बेंगळुरूहून नागपूरला आलेल्या इंडिगोच्या ए-३२१ विमानाची शेपटी उतरताना तिथल्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीला घासली. बातमी दोन दिवसांत मागे पडली. शेजारच्या आमच्या वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, सेलू, कुठूनही निघा, विमान बहुधा सोनेगावलाच गाठायचे असते. त्यामुळे ही घटना आपल्याच दारातली होती. पुढे असे दिसले की त्या वर्षी सहा महिन्यांत कंपनीच्या याच जातीच्या विमानांच्या शेपट्या चार वेळा घासल्या होत्या. नागपूरनंतर जूनमध्ये चार-पाच दिवसांच्या अंतराने दिल्ली आणि अहमदाबादलाही तेच घडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीची खास तपासणी केली, कामकाज आणि प्रशिक्षणाच्या पद्धतींत त्रुटी काढल्या आणि जुलैअखेर ३० लाख रुपये दंड ठोठावला.

ए-३२१ हे साडेचव्वेचाळीस मीटर लांबीचे विमान आहे, ए-३२०पेक्षा सुमारे सात मीटरने अधिक. उतरताना नाक जरा जास्त उचलले गेले की मागचा भाग जमिनीला लागतो. आणि नाक जास्त उचलण्याचा मोह कधी होतो? विमान आपटून उसळते तेव्हा. वेग जास्त असला, खाली येण्याची गती वेळेवर मोडली नाही, तर चाके धावपट्टीवर आदळतात आणि विमान पुन्हा काही फूट हवेत जाते. दरम्यान पंखांवरचे स्पॉयलर उघडलेले असतात, म्हणजे उचलून धरणारी शक्ती बरीचशी गेलेली असते. दुसरे आदळणे पहिल्यापेक्षा जोराचे होऊ शकते ते त्यामुळे. अशा वेळी वैमानिकाने काय करायचे हे ठरलेले आहे. उसळी लहान असेल तर नाक आहे तसे धरून ठेवायचे आणि विमान टेकू द्यायचे. उसळी मोठी असेल तर इंजिनांना पूर्ण शक्ती देऊन विमान सरळ वर घ्यायचे आणि फेरा मारून पुन्हा यायचे. यालाच गो-अराउंड म्हणतात. ही संकटाची खूण नाही. प्रत्येक प्रवासी वैमानिकाकडून सिम्युलेटरमध्ये ते पुन्हा पुन्हा करून घेतले जाते.

मागे वळून पाहिले की जाणवते, हा निर्णय उशिरा घेण्याची किंवा न घेण्याची किंमत आपण वारंवार मोजली आहे.

जून १९८२. क्वालालंपूरहून मद्रासमार्गे आलेले एअर इंडियाचे ‘गौरीशंकर’ हे बोइंग ७०७ भर पावसात, पहाटेच्या अंधारात मुंबईच्या सांताक्रूझला उतरत होते. पहिल्या धडकेच्या बारा सेकंद आधी इंजिनांची शक्ती कमी केली गेली. आपण किती उंचीवर आहोत याचे भान सुटले होते. विमान धावपट्टीच्या अलीकडेच जोरात आदळले. १११ जणांपैकी १७ दगावले.

२२ मे २०१०, मंगळुरू. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ फार उंचावरून धावपट्टीकडे येत होते. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून अधिक झोपलेले होते, हे कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणातून नंतर कळले. सहवैमानिकाने तीनदा सांगितले, विमान वर घ्या. कॅप्टनने उतरवले. धावपट्टीचा बराचसा भाग मागे पडल्यावर चाके टेकली, इंजिनांचा जोर उलटा फिरवून विमान थांबवणारे रिव्हर्सर उघडले, आणि मग त्यांनी पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न केला. रिव्हर्सर एकदा उघडले की थांबायचेच, हा नियम आहे. १५८ माणसे गेली, आठ वाचली.

तिसरी घटना २०१६ची, दुबईची. तिरुवनंतपुरमहून गेलेले एमिरेट्सचे बोइंग ७७७ हे खऱ्या अर्थाने मोठे विमान. धावपट्टीवर लांब जाऊन चाके टेकली, विमान पुन्हा उचलले गेले आणि वैमानिकाने गो-अराउंडचे बटण दाबले. पण चाके टेकल्यावर ते बटण काम करत नाही. शक्ती हाताने द्यावी लागते. ती दिली गेली नाही, चाके मात्र आत घेतली गेली आणि विमान पोटावर बसले. आतले तीनशेही जण बाहेर पडले, पण आग विझवणाऱ्या एका जवानाचा प्राण गेला. निर्णय बरोबर होता, हात अपुरा पडला. म्हणून निर्णयाइतकाच सरावही महत्त्वाचा मानला पाहिजे.

आणि मग ७ ऑगस्ट २०२०. कोळिकोडच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून घसरलेल्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे यांचे आईवडील नागपुरात राहत होते, म्हणून विदर्भाला तो घाव विशेष लागला. साठे हवाई दलातले विंग कमांडर, हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक राहिलेले, फार मोठ्या अनुभवाचे. करोनाकाळात दुबईत अडकलेल्यांना ते घरी आणत होते. पहिल्या प्रयत्नात पावसातून धावपट्टी नीट दिसली नाही आणि त्यांच्या बाजूचा वायपर चालू होऊन २७ सेकंदांत बंद पडला. त्यांनी विमान वर घेतले. हे अगदी योग्य होते, आणि ते विसरले जाऊ नये असे मला वाटते. दुसऱ्या वेळी ते उलट्या बाजूने, पाठीमागून वारा घेत आले. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ४,४३८ फुटांवर, जवळजवळ निम्मी संपल्यावर. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी ‘गो अराउंड’ म्हटले होते. विमान पुढच्या दरीत गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले.

तपास अहवालाने नियम न पाळल्याचा ठपका कॅप्टनवर ठेवला. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला अधिक बोलकी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून सुटणारे विमान त्यांनाच न्यायचे होते आणि तिथे कॅप्टनची संख्या अपुरी होती. उतरलेच पाहिजे, हा दबाव ढगांइतकाच वेळापत्रकानेही तयार केला होता. मंगळुरूला आणि कोळिकोडला, दहा वर्षांच्या अंतराने, शेजारच्या माणसाने वेळेवर योग्य ते सांगितले होते. ऐकले गेले नाही, आणि सांगणाऱ्याने विमानाचा ताबाही घेतला नाही. ज्येष्ठांना न अडवण्याची सवय आपल्या घरात, शाळेत, कचेरीत खोल रुजलेली आहे. कॉकपिटमध्ये ती मोडण्याचे काम कंपन्यांनी अजून पुरते केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जगभरातला अनुभवही वेगळा नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, वेग, उंची किंवा दिशा न जमलेल्या उतरणींपैकी फक्त तीन टक्के वेळा विमान पुन्हा वर घेतले जाते. बाकीच्या ९७ टक्के वेळा वैमानिक पुढेच जातो. बहुतेकदा सगळे निभावते, म्हणूनच सवय पक्की होते.

१६ ऑगस्ट २०२५ला मुंबईत, खराब हवामानात, बँकॉकहून आलेल्या इंडिगोच्या ए-३२१ने अगदी खालून गो-अराउंड घेतला आणि त्यात शेपटी घासली. विमान दुसऱ्या प्रयत्नात सुखरूप उतरले. नागपूरच्या घटनेनंतर दोन वर्षांनी तीच जात, तीच शेपटी, पण यावेळी वैमानिकांनी वर जाणे निवडले. विमानाची दुरुस्ती होते.

आपण प्रवासीही या दबावात भर घालतो. अलगद उतरवणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतो आणि ओल्या धावपट्टीवर मुद्दाम घट्ट टेकवणाऱ्याला नावे ठेवतो. खरे तर पावसात घट्ट टेकवलेले विमान लवकर थांबते. सोनेगावला उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, तर घरी पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे उशीर होईल, गाडीवाला वाट पाहील. त्या वैमानिकाची तक्रार करू नका.