मालमोटारचालक, शहरांतर्गत

मालमोटारचालक, शहरांतर्गत : एकाच शहराच्या किंवा महानगर प्रदेशाच्या परिसरात गोदामे, बंदरे, रेल्वेचे मालधक्के, घाऊक बाजारपेठा व कारखाने यांच्या दरम्यान मालाची ने-आण करणाऱ्या वाहनाचा चालक. लांब पल्ल्याच्या चालकाचा बहुतेक वेळ महामार्गावर वाहन चालविण्यात जातो. शहरांतर्गत चालकाचे अंतर थोडे, परंतु खेपा व थांबे पुष्कळ असतात. त्याच्या दिवसाचा मोठा भाग गोदामाच्या दारात, वजनकाट्यावर किंवा प्रवेशबंदीची वेळ संपेपर्यंत रस्त्याच्या कडेला वाट पाहण्यात जातो. या प्रतीक्षाकाळाचा मोबदला कोणी व कसा द्यावयाचा, हा या व्यवसायातील मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशातील वाहतुकीच्या आधारे या व्यवसायाचे स्वरूप दिले आहे.

इतिहास : मुंबई बंदरात प्रिन्सेस (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) व अलेक्झांड्रा (१९१४) या गोद्या बांधण्यात आल्या. तेथील माल मशीद बंदर व आसपासच्या वखारींत पोहोचविण्याचे काम दीर्घकाळ बैलगाड्या व हातगाड्या यांनी केले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची जागा मालमोटारींनी घेण्यास प्रारंभ केला. १९५४ मध्ये टाटा उद्योगसमूहाने जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेटपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘बजाज टेंपो’ या कंपनीच्या तीनचाकी वाहनामुळे अरुंद गल्ल्यांतील वाहतूक सुलभ झाली आणि ‘टेंपो’ हे कंपनीचे नाव मराठीत लहान मालवाहू वाहनाचे सामान्यनाम बनले. पुढे ‘टाटा ४०७’ (१९८६) व ‘छोटा हत्ती’ या नावाने लोकप्रिय झालेले ‘टाटा एस’ (२००५) या वाहनांनी शहरी वाहतुकीचा बराच भाग व्यापला.

वाहनांबरोबर गोदामांची स्थानेही बदलत गेली. दक्षिण मुंबईतील गर्दी कमी करण्यासाठी घाऊक बाजार नवी मुंबईत हलविण्यात आले. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये तुर्भे येथे गेला व अन्य बाजार त्यामागोमाग टप्प्याटप्प्याने गेले. पोलादाचा व्यापार कळंबोलीकडे वळला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर मोठ्या पेट्यांमधून होणारी आयात-निर्यात तेथे केंद्रित झाली. भिवंडीच्या गोदामांच्या वाढीस ⇨ जकातीचे मोठे साहाय्य झाले. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत माल शिरताना जकात भरावी लागे. हद्दीबाहेर साठविलेल्या मालावर तो शहरात नेईपर्यंत हा बोजा पडत नसे. त्यामुळे काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या भिवंडीलगतच्या गावांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. परप्रांतांतून आलेली मोठी वाहने तेथे रिकामी होत आणि लहान वाहने तोच माल मागणीप्रमाणे शहरात नेत. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर १ जुलै २०१७ पासून मुंबईतील जकात बंद झाली. दहिसर, मुलुंड, ऐरोली व मानखुर्द येथील जकात नाक्यांवरील चालकांची खोळंबा करणारी तपासणीही तिच्याबरोबर संपली. गोदामे मात्र तेथेच राहिली व ऑनलाइन खरेदीच्या व्यापारामुळे त्यांत मोठी भर पडली.

कार्यपद्धती : काम बहुधा हुंडेकऱ्याकडून, म्हणजे वाहतुकीचा ठेका घेणाऱ्याकडून मिळते. चालक गोदामाच्या फाटकावर नोंद करून क्रमांक घेतो व वाहन फलाटास लावून माल भरून घेतो. नगांची मोजणी, ताडपत्री व दोर बांधणे आणि वजन झाल्यावर तो बिल्टी, मालाचे बीजक व ई-वे बिल घेऊन निघतो. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी सामान्यतः एक लाख रुपयांहून अधिक किंमतीच्या मालास ई-वे बिल आवश्यक असते. माल रचण्यातही कौशल्य लागते. शेवटी उतरावयाचा माल प्रथम भरावा लागतो, जड नग तळाशी ठेवावे लागतात आणि भार आसांवर योग्य प्रमाणात विभागावा लागतो, अन्यथा वळणावर वाहन कलंडण्याचा धोका असतो. माल पोचल्यावर घेणाऱ्याची सही व शिक्का असलेली ‘पोच’ परत आणणे ही चालकाचीच जबाबदारी असते. पोच नसल्यास हुंडेकऱ्यास भाडे मिळण्यास विलंब होतो. नग कमी भरल्यास त्याची वसुली पुष्कळदा चालकाच्या पगारातून केली जाते. म्हणून अनुभवी चालक माल भरताना स्वतः मोजणी करतो आणि फाटलेल्या वा भिजलेल्या नगांची नोंद बिल्टीवर करून घेतल्याशिवाय सही करीत नाही.

शहराच्या गर्दीच्या भागांत जड वाहनांना ठराविक वेळी प्रवेशबंदी असते. एका गोदामात दोन तास अधिक गेल्यास पुढची प्रवेशाची वेळ हुकते व संपूर्ण खेप रात्रीवर जाते. क्लीनर (बोलीत ‘किन्नर’) ठेवणे लहान वाहनांच्या मालकांस परवडत नाही. त्यामुळे गल्लीतून वाहन मागे घेणे, मालावर लक्ष ठेवणे व कागदपत्रे सांभाळणे ही कामे एकट्या चालकावर पडतात.

वेतन व प्रतीक्षाकाळ : चालकास सामान्यतः मासिक पगार व त्याखेरीज प्रत्येक खेपेचा भत्ता मिळतो. पगार बेताचाच असल्याने मिळकतीची भिस्त खेपांच्या संख्येवर राहते. माल लवकर न उतरल्यास भाड्याखेरीज खोळंब्याचा आकार देण्याची प्रथा आहे. तथापि तो मिळाला, तरी वाहनाच्या मालकास मिळतो व चालकापर्यंत येतोच असे नाही. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ अन्वये प्रौढ कामगारासाठी दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, अधिकाधिक पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि विश्रांतीसह बारा तासांचा कमाल कालविस्तार ठरविण्यात आला. मात्र त्यातील कामाच्या तासांच्या व्याख्येत स्थानकावरील केवळ हजेरीचा पंधरा मिनिटांहून कमी काळच अंतर्भूत होता. त्यामुळे गोदामाच्या दारातील दीर्घ प्रतीक्षेस कामाचे तास म्हणून निःसंदिग्ध आधार मिळाला नाही. शिवाय हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू असल्याने एक-दोन वाहनांच्या मालकांकडील चालक सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर राहिले. पुढे या कायद्याचा विषय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला.

याच फाटकावर काम करणाऱ्या हमालांची स्थिती तुलनेने उद्‌बोधक आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीनंतर महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ संमत झाला. या कायद्यानुसार स्थापन झालेल्या मंडळांमार्फत नोंदणीकृत कामगारांची मजुरी गोळा करून वाटली जाते व त्यांना भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ मिळतात (⇨ माथाडी कामगार). एका मालकाकडे कायम नसलेल्या श्रमिकांस असे संरक्षण देता येते, हे या कायद्याने दाखविले. शहरांतर्गत चालकांसाठी अशी व्यवस्था उभी राहिली नाही. उलट, माल चढविण्या-उतरविण्याची ‘वाराई’ ही रक्कम पुष्कळ ठिकाणी चालकाकडूनच मागितली जाते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’, म्हणजे हमालीचा खर्च मालधन्यानेच सोसावा, ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे.

परवाना व दायित्व : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ७,५०० किग्रॅ.पर्यंत एकूण वजनाचे वाहन हलके मानले जाते. अशा वाहनाचा परवानाधारक त्याच मर्यादेतील मालवाहू वाहनही चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. लहान टेंपोंच्या चालकांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरला. दोन आसांच्या मालमोटारीची एकूण वजनमर्यादा २०१८ मध्ये १६·२ टनांवरून १८·५ टनांपर्यंत वाढविण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड ठेवला. हा दंड वाहन चालविणाऱ्यास व चालवावयास लावणाऱ्यासही लागू आहे. प्रत्यक्षात भार किती घ्यावयाचा हे बहुधा मालक वा हुंडेकरी ठरवितो, परंतु काट्यावर पकडला जातो तो चालक. अपघातस्थळी न थांबता व खबर न देता निघून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेल्या भारतीय न्याय संहितेतील पोटकलमाविरुद्ध चालकांनी जानेवारी २०२४ मध्ये देशभर काम बंद ठेवले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना ते पोटकलम वगळण्यात आले.

आरोग्य : सततची बैठक, क्लच व ब्रेक यांचा अखंड वापर, धूर आणि अनियमित जेवण यांमुळे पाठदुखी, गुडघेदुखी व पचनाचे विकार चालकांत आढळतात. अनेक गोदामांत त्यांच्यासाठी स्वच्छतागृह किंवा बसण्यास सावली नसते. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू वाहनांत वातानुकूलित चालककक्ष अनिवार्य करण्यात आला आहे. ही सुधारणा साडेतीन टनांपर्यंतच्या लहान टेंपोंना लागू नाही.

वाहनांत उपग्रहाधारित स्थाननिदर्शक बसविले जाऊ लागल्यामुळे वाहन गोदामाशी केव्हा पोहोचले व तेथून केव्हा निघाले, याची मिनिटावार नोंद होऊ शकते. तिचा उपयोग मुख्यतः मालाचा माग ठेवण्यासाठी व चालकावर देखरेख करण्यासाठी होतो. प्रतीक्षाकाळाचा मोबदला ठरविण्यासाठी तीच नोंद आधारभूत मानता येण्यासारखी आहे.