जुनं इंजिन, जाड ऑइल आणि आपली फुप्फुसं

जुनाट खोकल्याचा रुग्ण समोर आला, की डॉक्टर बिडी आणि चुलीबद्दल विचारतात. खानदेशात आणखी एक प्रश्न विचारायला हवा: शेतात डिझेल इंजिन आहे का, आणि ते किती धूर सोडतं? रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षं जुने ट्रॅक्टर अजून राबतात. ते धुरू लागले, की सल्ला ठरलेला असतो, ‘जाड ऑइल टाका, धूर बसेल.’ धूर कधीकधी बसतोही. पण ताप आल्यावर कारण न शोधता फक्त तापाची गोळी घ्यावी, तसाच हा उपाय आहे.

औषधाच्या पाकिटावर आपण दोन गोष्टी पाहतो, औषध कोणतं आणि मात्रा किती. ऑइलच्या डब्यावरही दोन गोष्टी पाहायच्या असतात, जाडी आणि दर्जा.

जाडी एसएई आकड्यांत लिहिलेली असते, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो. त्याची चाचणी शून्याखाली १५-२० अंशांवर होते आणि तेवढी थंडी जळगाव-धुळ्यात पडतच नाही. शेवटचा आकडा १०० अंश तापमानातली जाडी सांगतो. म्हणजे इंजिन तापल्यावर ही दोन्ही ऑइलं एकाच वर्गातली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात महत्त्वाचा आहे तो हा शेवटचा आकडा. काही जुन्या, संथ गतीच्या इंजिनांसाठी ३० किंवा ४० असा एकच आकडा सांगितलेला असतो. पुस्तिकेत असेल तेच घ्यावं. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या विक्रेत्याकडे मॉडेल सांगून विचारावं.

दर्जा एपीआयच्या अक्षरांत असतो. ‘सी’ने सुरू होणारा डिझेलसाठी, ‘एस’ने सुरू होणारा पेट्रोलसाठी. सीएच-४ हा दर्जा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा. साधारणपणे नंतरचा दर्जा आधीच्या इंजिनाला चालतो आणि काजळी जास्त चांगली सांभाळतो. त्यामुळे इंजिन जुनं म्हणून जुन्याच दर्जाचं स्वस्त ऑइल शोधण्याची गरज नसते. मात्र वर्षानुवर्षं साध्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात आतला गाळ सुटू शकतो. म्हणून चांगलं ऑइल पहिल्यांदा टाकल्यावर पुढचा बदल लवकर करावा, फिल्टरसह. डिझेल इंजिनातलं नवं ऑइल थोड्याच तासांत काळं पडतं, त्याने घाबरू नये. ते काजळी धरून ठेवतंय, एवढाच त्याचा अर्थ.

मग जाड ऑइलने बिघडतं काय? सकाळी इंजिन सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं, झीज वाढते आणि डिझेलही जास्त लागतं. मुळात झिजलेल्या रिंगा तशाच राहतात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. त्यासाठी एअर फिल्टर आणि नोझल तपासावेत, ऑइल बदलून तो जाणार नाही. पट्टीवर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल मिसळतंय. या दोन्ही वेळी इंजिन बंद करून मिस्त्रीला दाखवावं.

हा खर्च फक्त इंजिनासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या गटात टाकलं. दमा आणि हृदयविकार असलेल्यांना तो लगेच त्रास देतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर दर दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक असलेलं डिझेल मिळू लागलं. इंधन स्वच्छ झालं, पण झिजलेलं इंजिन त्याबरोबर ऑइलही जाळत असेल तर त्याचा फायदा काही अंशी वाया जातो. तो धूर सर्वात आधी जातो चालकाच्या आणि मागे ट्रॉलीत बसलेल्या मजुरांच्या छातीत.

राहिलं काढलेलं काळं ऑइल. त्यात ज्वलनातून आलेली कर्करोगकारक रसायनं असतात. ऑइल बदलताना हातमोजे घालावेत. हात डिझेलने किंवा रॉकेलने धुऊ नयेत, त्याने कातडी कोरडी पडून फुटते. साबण आणि पाणी पुरे. ऑइलचं फडकं खिशात ठेवू नये, कपडे भिजले तर बदलावेत. हे ऑइल जखमेवर लावू नये, माणसाच्याही नाही आणि बैलाच्याही नाही. ते विहिरीजवळ किंवा नाल्यात न ओतता डब्यात साठवून, वापरलेलं ऑइल परत घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाला द्यावं. हातावरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावी.

केळी भरण्याचा हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस इंजिनासाठी काढा. सकाळी पट्टी पाहा, धुराचा रंग पाहा आणि डब्यावरची अक्षरं वाचून मगच ऑइल विकत घ्या.