दोषाचे दोन वाटे

इंदुरातील माझ्या प्रयोगशाळेत एक स्वमग्न तरुण तंत्रज्ञ आहे. गाठीचा अहवाल न्यावयास आलेल्या एका भगिनींनी विचारताच, भरल्या प्रतीक्षाकक्षात तो म्हणाला, "कर्करोग आहे." मी संतापलो. "सर, त्यांनी विचारले, मी खरे सांगितले," तो उत्तरला.

स्वमग्नता हे कारण होते. पण त्याने त्या भगिनींचा आघात हलका होत नव्हता. त्याने त्यांची क्षमा मागितली.

मग मी स्वतःला तपासले. 'रुग्णांशी जपून बोला' एवढीच माझी मोघम सूचना! आता भिंतीवर लिहिले आहे : 'निदान फक्त डॉक्टर सांगतील.' 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव ठरतो. स्पष्ट सूचना ही तशीच एक बिनखर्ची सोय. दोषाचा त्याचा वाटा त्याने उचलला, माझा मी.