उसन्या प्रथिनांवर चालणारं यंत्र

एसव्ही ४० हा विषाणू म्हणजे डीएनएचं ५,२४३ अक्षरजोड्यांचं एक कडं. १९६० मध्ये स्वीट आणि हिलमन यांना तो ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत सापडला. पोलिओची लस तेव्हा या पेशींवर वाढवत, आणि ही माकडं मोठ्या संख्येने भारतातूनच अमेरिकेला जात. लशीत हा विषाणू निघाल्यावर व्हायचा तो गदारोळ झालाच. जीवशास्त्राला मात्र त्याने जे दिलं ते वेगळंच : ७२ अक्षरांचा, लागोपाठ दोनदा आलेला एक तुकडा.

१९८१ मध्ये झ्युरिकला बॅनर्जी, रुस्कोनी आणि शाफ्नर यांनी सशाचं बीटा-ग्लोबिन जनुक हेला नावाच्या माणसाच्या पेशींत घातलं. एरवी ते तिथे कसंबसं चालायचं. शेजारी एसव्ही ४० चा डीएनए जोडताच त्याच्या आरएनए प्रती सुमारे २०० पट वाढल्या. हा ७२ अक्षरांचा तुकडा त्यांनी उलटा जोडला, तरी काम चालू. जनुकाच्या आरंभबिंदूमागे १,४०० अक्षरांवर नेला, पुढे ३,३०० अक्षरांवर नेला, तरीही चालू! जनुकाची कळ त्याच्या तोंडाशीच असते, या तोवरच्या समजुतीला हा धक्का होता. त्याच सुमारास स्ट्रासबुर्गला शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेनेही दाखवलं की हा तुकडा काढला की विषाणूची सुरुवातीची जनुकं गप्प होतात. अशा तुकड्याला एन्हान्सर म्हणतात.

गंमत अशी, की हा तुकडा स्वतः काहीच करत नाही. तो फक्त प्रथिनांना बसायची जागा देतो, आणि ती प्रथिनं पेशीची असतात. विषाणूपुढे दुसरा इलाजही नसतो. पेशीत शिरताना जनुक चालवणारं स्वतःचं प्रथिन अजून तयार व्हायचं असतं, आणि ते व्हायला आधी जनुक चालू व्हायला हवं. म्हणून त्याने एपी-१, ऑक्ट-१, टेफ-१, एनएफ-कप्पा-बी अशा यजमानाच्याच प्रथिनांच्या जागा त्या ७२ अक्षरांत दाटीवाटीने बसवल्या आहेत. यातली एकच जागा एकटी ठेवली तर परिणाम जेमतेम. दोन-चार शेजारी आल्या की जोर चढतो.

बसलेली प्रथिनं मग पी-३०० सारखे मदतनीस बोलावतात. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ते ॲसिटिल गट चढवून ही गुंडाळी सैल करतात. मेडिएटर नावाचा भलामोठा प्रथिनसमूह एन्हान्सरवरच्या प्रथिनांना जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजशी जोडतो. मधला डीएनए वळसा घेऊन बाहेर राहतो. निऱ्या घातल्या की काठावरच्या लांबलांबच्या दोन बुट्ट्या शेजारी येतात, तसं. जनुकाचं वाचन पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागतं.

प्रथिन डीएनएवर बसलंय हे पाहायची रीत मला फार आवडते. किरणोत्सारी खूण केलेला डीएनएचा छोटा तुकडा पेशीच्या अर्कात मिसळायचा आणि जेलमधून विजेच्या दाबाने पळवायचा. मोकळा तुकडा खालपर्यंत पोचतो, प्रथिन चिकटलेला वरच रेंगाळतो, आणि फिल्मवर वेगळा काळा पट्टा उमटतो. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना १९८६ मध्ये एनएफ-कप्पा-बी अशाच एका पट्ट्यातून सापडलं, तेही विषाणूच्या नव्हे, तर प्रतिपिंडाच्या जनुकाच्या एन्हान्सरवर. पुढच्याच वर्षी एचआयव्हीच्या डीएनएत त्याच्या दोन जागा निघाल्या. टी-पेशी लढायला उठली की हे प्रथिन केंद्रकात जातं आणि विषाणूचीच जनुकं चालवू लागतं. प्रतिकाराची हाक शत्रूने आपल्या कामाला लावावी, याला हुशारी म्हणायचं की निर्लज्जपणा?

सायटोमेगॅलोव्हायरसच्या एन्हान्सरवरही एनएफ-कप्पा-बीच्या जागा आहेत, आणि तो एन्हान्सर आता माणसाच्या सेवेत आहे. पुण्यात बनलेल्या कोव्हिशील्ड या कोविडच्या लशीत स्पाइक प्रथिनाचं जनुक त्याच्याच जोरावर चालतं. पण लस वाढवतानाच स्पाइक बनू लागलं तर उत्पादन घटायचं. म्हणून जनुकाच्या तोंडाशी एका जिवाणूच्या रोधक प्रथिनाची जागा घातलेली आहे. लस वाढवणाऱ्या पेशींत ते रोधक असतं, त्यामुळे तिथे जनुक दबून राहतं. दंडाच्या स्नायूत ते नसतं.