विश्लेषण : इवल्याशा लेझरला हजारो व्होल्ट कशासाठी?

पुण्यातील अनेक महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत हेलियम-निऑन लेझर असतो. त्याचा प्रकाश जेमतेम एक-दोन मिलिवॉटचा, पण पेटवण्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. असे का?

नळीत काय घडते?

बंद काचनळीत अत्यंत कमी दाबाखाली हेलियम आणि थोडा निऑन भरलेला असतो. विजेने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन हेलियमच्या अणूंवर आदळतात. हेलियम ही ऊर्जा टकरीतून निऑनला देतो आणि निऑन ती ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या रूपात सोडतो. नळीच्या दोन टोकांच्या आरशांमध्ये हा प्रकाश ये-जा करत वाढतो. एका आरशातून साधारण एक टक्का बाहेर पडतो, तोच आपल्याला दिसणारा किरण.

वीजपुरवठा वेगळा का?

थंड वायूतून वीज सहजासहजी वाहत नाही. त्यामुळे सुरुवातीला सात ते दहा हजार व्होल्टचा धक्का द्यावा लागतो. वायू एकदा वाहक झाला, की दीड हजार व्होल्टच्या आसपासचा दाब पुरतो. त्यासाठी घरातील २३० व्होल्टचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवतो, डायोड तो एकदिश करतात आणि कपॅसिटर त्यातील चढउतार सपाट करतात.

खरी अडचण पुढेच असते. प्रवाह वाढला, की पेटलेल्या वायूचा विरोध कमी होतो आणि प्रवाह आणखी वाढतो. हा घोडा उधळू नये म्हणून नळीला जोडून काही दहा हजार ओहमचा रोध बसवतात. तो प्रवाह पाच-सहा मिलिअँपिअरवर रोखतो. हिशेब केला तर नळीला सात-आठ वॉट दिल्यावर प्रकाश मिळतो एक-दोन मिलिवॉटचा. बाकीची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते.

पुण्याचा संबंध काय?

हेलियम-निऑन लेझर १९६० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. तिथेच १९६१ मध्ये दाखल झाले सी. कुमार एन. पटेल. त्यांचा जन्म बारामतीचा (१९३८), अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. त्यांनी शोधलेल्या कार्बन डायऑक्साइड लेझरमध्ये हेलियमऐवजी नायट्रोजन ऊर्जा साठवून पुढे देतो. त्याची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्याही पुढे जाते. म्हणूनच शस्त्रक्रियेपासून ॲक्रिलिक कापण्यापर्यंत तो वापरला जातो.

धोका कुठे?

किरणात थेट पाहू नये, हा पहिला नियम. मिरवणुकांतील प्रखर लेझर झोतांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचे प्रकार राज्यात घडले आहेत. मात्र प्रयोगशाळेत अधिक घातक ठरू शकतो तो वीजपुरवठ्याचा डबा. बटण बंद केले तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. लेझर पेटत नसेल तर डबा स्वतः उघडू नये. तो जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावा.